बेवारस क्रूसाचे वारसदार

वांद्र्याच्या बाजार रोडवरील क्रूस मुंबई महानगरपालिकेने पाडला तो दिवस होता २९ एप्रिल २०१७, शनिवार. क्रूस होता १८९५ सालचा. अवघ्या चार दिवसांनी, ३ मे रोजी, आपल्या वाडवडिलांनी क्रूसाचा सण म्हणून पाळलेला दिवस उजाडणार होता. मुंबई, वसई, गोवे या पट्ट्यातल्या गावोगावच्या क्रूसांना त्या सुमारास चुना लागतो, फुलांच्या माळा चढतात, आणि संध्याकाळी शेजारीपाजारी मेणबत्त्या लावून लदीन म्हणायला जमतात. ज्या जागेने सव्वाशे वर्षांच्या आसपास असे मे महिने पाहिले, त्या जागी त्या वर्षी ढिगारा उरला.

आम्ही मोहाडीचे. भंडारा-तुमसर रस्त्यावरचे हे आमचे तालुक्याचे गाव वांद्र्यापासून सुमारे नऊशे किलोमीटर दूर आहे. इकडे कॅथलिक कुटुंबे विरळ. आमचा महाधर्मप्रांत नागपूरचा, त्यांचा मुंबईचा. बाजार रोडच्या क्रूसापुढे आम्ही कधी मेणबत्ती लावली नाही. मग या प्रकरणात बोलण्याचा आम्हांला अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच की, जिथे आपली माणसे मोजकी असतात तिथे एका खुणेची किंमत अधिक कळते. ज्यांच्या प्रत्येक गल्लीत क्रूस आहे, त्यांना एक क्रूस गेल्याचे दुःख चार दिवस होते. ज्यांना पवित्र मिस्सेसाठी गाडी धरून जावे लागते, त्यांना प्रश्न पडतो की, एवढ्या मोठ्या, एवढ्या जुन्या, एवढ्या शिकलेल्या समाजाच्या मध्यावरून एक क्रूस असा जातोच कसा?

या प्रश्नाचे सोपे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. क्रूस पालिकेने पाडला. ते उत्तर खरे आहे, पण पुरे नाही. आमचे म्हणणे असे की, तो क्रूस दोनदा पडला. दुसऱ्यांदा तो पडला पालिकेच्या हातून. पहिल्यांदा तो कोणाच्या हातून पडला, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

प्रथम पालिकेचा हिशेब पाहू, कारण तो चुकता केल्याशिवाय स्वतःच्या हिशेबाकडे वळणे म्हणजे मार खाणाऱ्यालाच दोष देण्यासारखे होईल. पालिकेने न्यायालयाच्या आदेशाकडे बोट दाखवले. आदेश आहेत, यात वाद नाही. बडोद्यातील अतिक्रमणांवरून २००६ साली गुजरात उच्च न्यायालयात निघालेले प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २९ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, यापुढे सार्वजनिक रस्त्यांवर, उद्यानांत वा इतर सार्वजनिक जागी मंदिर, चर्च, मशीद, गुरुद्वारा अशा कोणत्याही नावाने अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये. यात आम्हांला काहीही अन्यायाचे दिसत नाही. रस्ता सर्वांचा असतो. रुग्णवाहिकेची वाट अडवून उभा राहिलेला क्रूस, त्या रुग्णासाठीच मरण पत्करणाऱ्या प्रभूची साक्ष कशी देणार? असा एखादा क्रूस खरोखरच असेल, तर पालिकेचा हातोडा येण्याआधी आपणच त्याला खांद्यावर घेऊन मिरवणुकीने योग्य जागी नेले पाहिजे. क्रूस खांद्यावर घेणे आपल्याला नवीन नाही.

परंतु त्याच न्यायालयाने जुन्या स्थळांबाबत सरसकट पाडापाडीचा हुकूम दिला नव्हता. जी आधीपासून उभी आहेत त्यांचा एकेकाचा स्वतंत्र विचार करा, असे सांगितले होते. महाराष्ट्र शासनाने ५ मे २०११ च्या निर्णयाने त्यासाठी तीन वाटा आखल्या: काही स्थळे नियमित करावीत, काही दुसरीकडे हलवावीत, काही काढून टाकावीत. म्हणजे काढून टाकणे ही तिनांतली एक वाट होती. आणि हे सारे सार्वजनिक जागेवरील बांधकामांसाठी होते. बाजार रोडचा क्रूस खासगी जागेत उभा होता, असे मुंबई महाधर्मप्रांताने निषेध नोंदवताना स्पष्ट सांगितले. जो कायदा विचार करून निवडायला सांगतो, त्याच्याच नावाने विचार न करता हातोडा चालवणे ही कायद्याची अंमलबजावणी नव्हे.

आणखी एक गोष्ट अधिकाऱ्यांनी आपल्याच दप्तरात पाहायला हवी होती. १८९५ साली वांद्रे मुंबई पालिकेच्या हद्दीत नव्हतेच. वांद्र्यासारखी उपनगरे बृहन्मुंबईत आली ती १९५० साली. म्हणजे हा क्रूस उभा राहिला, त्यानंतर पंचावन्न वर्षांनी मुंबईची पालिका त्याच्या दारात आली. घरात आधीपासून बसलेल्या म्हाताऱ्याला मागाहून आलेल्याने अतिक्रमण करणारा म्हणावे, यापेक्षा उलटा न्याय तो कोणता?

इतका पालिकेचा हिशेब. आता आपला.

जुन्या मुंबईतल्या कोणत्याही क्रूसाविषयी विचारा, उत्तर ठरलेले असते: ‘प्लेगच्या वेळचा आहे.’ मुंबईत अनेक क्रूस प्लेगच्या काळात उभे राहिले, हे खरे आहे. माणसे किड्यामुंग्यांसारखी मरत होती, घरे ओस पडत होती, आणि जी कुटुंबे वाचली त्यांनी कृतज्ञतेने, जी वाचावीत म्हणून प्रार्थना करीत होती त्यांनी नवसाने, वाडीच्या तोंडाशी, विहिरीजवळ, तिठ्यावर क्रूस उभारले. पण मुंबईत प्लेगचे निदान झाले सप्टेंबर १८९६ मध्ये, मांडवीत. ते निदान करणारे डॉक्टर होते आकासिओ गाब्रिएल व्हिएगश, आपल्याच समाजाचे, गोव्याच्या हडफड्यात जन्मलेले. १९०६ साली हेच डॉक्टर मुंबई पालिकेचे अध्यक्ष झाले, त्या पदावर बसलेले पहिले भारतीय ख्रिस्ती. ज्या पालिकेने आपला क्रूस पाडला, तिच्या सर्वोच्च आसनावर एके काळी आपल्यातला असा माणूस बसला होता, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

आणि १८९५ म्हणजे प्लेगच्या आदले वर्ष. मग बाजार रोडवरचा क्रूस प्लेगचा कसा? तो कोणत्या संकटात, कोणत्या आनंदात, कोणत्या नवसापोटी उभा राहिला? आपण सारेच जुने क्रूस एका प्लेगच्या पोत्यात घालून मोकळे झालो, तेव्हा प्रत्येक क्रूसाची स्वतःची कथा पुसली गेली. ज्याची कथा पुसली गेली, तो हळूहळू बेवारस होतो. बेवारस वस्तू उचलणाऱ्याला कोणी जाब विचारील असे वाटत नाही. क्रूस पहिल्यांदा पडला तो इथे, आपल्या विस्मृतीत. आणि त्या पडण्याचा आवाज कोणालाच ऐकू आला नाही.

जुन्या करारातील यहोशवाचे पुस्तक उघडून पाहा. इस्राएली लोक यार्देन नदी ओलांडून आले तेव्हा देवाने त्यांना नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणायला सांगितले. यहोशवाने ते गिलगाल येथे उभारले. कशासाठी? पुढे कधी मुले बापांना त्या धोंड्यांविषयी विचारतील, तेव्हा बापांनी नदी कशी दुभंगली ते सांगावे, यासाठी. ध्यानात घ्या, धोंडे हे उत्तर नव्हते. धोंडे मुलाच्या तोंडात प्रश्न घालण्यासाठी होते. उत्तर देण्याचे काम बापाचे होते. रस्त्याकडेचा क्रूस हा आपला गिलगालचा धोंडा आहे. त्याने आपले काम शंभर-सव्वाशे वर्षे चोख केले. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक मुलाला त्याने विचारायला लावले. उत्तर देण्याची पाळी आली तेव्हा आपण गप्प होतो, किंवा ‘प्लेगचा आहे’ म्हणून पुढे चालू लागत होतो.

क्रूस पडल्यावर मात्र समाज जागा झाला. लोक त्या जागी जमले, प्रार्थना झाल्या, निषेध झाले, वर्तमानपत्रांतून लिहिले गेले, महाधर्मप्रांताने आवाज उठवला, क्रूस पुन्हा उभा राहिला पाहिजे अशी मागणी झाली. या साऱ्यांचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो. परंतु पाडलेल्या क्रूसाभोवती जी गर्दी जमली, तिच्यातली दहा माणसे जरी उभ्या क्रूसाभोवती नियमाने जमत असती, तर पाडणाऱ्यांचे हात थबकले नसते का?

पुन्हा उभारणीच्या या प्रश्नावर आपल्याच घरात तीन प्रकारची मते ऐकू येतात. तिन्हींना उत्तर दिले पाहिजे.

पहिले मत विरक्तांचे. ते म्हणतात, ‘श्रद्धा अंतःकरणात असावी. दगड गेला तर गेला, एका दगडासाठी सरकारशी भांडण कशाला?’ हे वैराग्य ऐकायला गोड आहे. पण हेच लोक आईवडिलांच्या थडग्यावरची फरशी फुटली तर दफनभूमीच्या देखरेख्याला धारेवर धरतात. का बरे? आईवडिलांची आठवणही अंतःकरणातच असते ना? आपला धर्म नुसत्या अंतःकरणाचा नाही. देवाने माणसाला भेटायचे ठरवले तेव्हा त्याने विचार पाठवला नाही, तो देह धारण करून आला. पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस यांवाचून आपले संस्कार होत नाहीत. दिसणाऱ्या खुणेला क्षुद्र लेखणे हे वैराग्य नव्हे, बऱ्याचदा तो कष्ट टाळण्याचा सोज्वळ मार्ग असतो.

दुसरे मत उत्साही मंडळींचे. त्यांना पडलेल्या जागी दुप्पट उंचीचा क्रूस हवा. संगमरवर हवा, ग्रॅनाइट हवा, वर छत, भोवती स्टीलचे कठडे, रात्री रंगीत दिवे, आणि पायथ्याशी देणगीदारांच्या नावांची पाटी, जिच्यावरची अक्षरे प्रभूच्या नावाहून मोठी. आम्ही विचारतो, हा क्रूस उभारणे आहे की पालिकेला वाकुल्या दाखवणे? जुन्या क्रूसाला जी जागा पुरत होती तीहून तसूभर अधिक जागा नव्या क्रूसाने घेतली, तर ज्या आरोपाविरुद्ध आपण लढलो तो आरोप आपणच खरा करून दाखवला असे होईल. आणि पालिकेकडे बोट दाखवण्याआधी आपल्या धर्मग्रामांतून एक फेरफटका मारावा. घडीव काळ्या दगडाचे, चुन्यात बांधलेले, हाताने कोरलेल्या अक्षरांचे जुने क्रूस आपणच ‘जीर्णोद्धारा’च्या नावाखाली सिमेंटने लिंपले नाहीत का? त्यांच्यावर तैलरंगाचे थर चढवून साल आणि नावे बुजवली नाहीत का? न्हाणीघरातल्या चकचकीत फरशा त्यांच्या अंगावर बसवल्या नाहीत का? ज्या अक्षरांनी क्रूसाचे वय सिद्ध झाले असते, ती अक्षरे आपल्याच रंगाऱ्याने मिटवली. हातोडा निदान आवाज तरी करतो.

तिसरे मत संतप्तांचे. त्यांना प्रत्येक पडझडीमागे एखाद्या शेजारधर्मीयाचे कारस्थान दिसते. आपल्यावर अन्याय होतच नाहीत असे आम्ही म्हणत नाही. पण संशयाला जीभ देण्याआधी थांबावे, हे शिकवणारी गोष्ट त्याच वर्षी घडली. वांद्र्यानंतर दोनअडीच महिन्यांनी, जुलै २०१७ मध्ये, दक्षिण गोव्यात रस्त्याकडेचे क्रूस फोडले जाऊ लागले, कुडचड्याच्या दफनभूमीतील कबरींवरचे क्रूसही सुटले नाहीत. कोणी केले असेल याविषयी तर्कांचे पीक आले. पोलिसांनी अटक केली ती एका कॅथलिक माणसाला. अटक म्हणजे अपराध सिद्ध झाला असे नव्हे, हे आम्ही जाणतो. पण ज्यांनी आदल्याच आठवड्यात गुन्हेगाराचा धर्म मनाशी ठरवून टाकला होता, त्यांनी तेव्हा कोणत्या तोंडाने क्षमा मागितली? क्रूसाखाली उभे राहून शेजाऱ्याचा द्वेष करणे हा क्रूसाचा अवमान आहे, आणि तो पालिकेच्या हातोड्याहून खोल जातो.

मग खरी पुनर्बांधणी कशी असते? त्याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. बाजार रोडपासून थोड्याच अंतरावर वांद्र्याच्या टेकडीवर मोत माउली आहे. परंपरा सांगते की, १७०० च्या सुमारास अरब चाच्यांनी माउलीच्या मूर्तीचा उजवा हात तोडला. पुढे मराठ्यांच्या स्वारीच्या धामधुमीत, १७३८-३९ च्या सुमारास, टेकडीवरचे देवालयही गेले, आणि मूर्ती समुद्रात सापडली ती एका कोळ्याला. १७६०-६१ च्या सुमारास देवालय पुन्हा उभे राहिले आणि माउली आपल्या जागी परतली. मधली वीसबावीस वर्षे त्या टेकडीवर काय होते? भिंती नव्हत्या, वेदी नव्हती. आठवण होती. कोळणीने मुलीला सांगितले असेल, मुलीने नातीला. ती साखळी तुटली नाही म्हणून पुढे भिंती उभ्या राहिल्या. आणि जी परत आणली ती मूर्ती नवी, मोठी, चकचकीत नव्हती. तीच जुनी, हात तुटलेली होती. आज दर सप्टेंबरात तिच्या जत्रेला लाखो लोक जातात, त्यांत सर्व धर्मांचे असतात. जखम लपवून नव्हे, जखमेसह उभे राहणे, हीच तर क्रूसाची शिकवण आहे.

वसईकर बंधुभगिनींना आम्ही विशेष विनवतो. मराठीतून प्रार्थना करणारा, मराठीतून लिहिणारा सर्वांत मोठा कॅथलिक समाज तुमचा. गावाच्या वेशीवर, बावखलाच्या काठावर, वाडीच्या तोंडाशी तुमचे खुरूस उभे आहेत. ज्या २००९ साली सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, त्याच वर्षी वसई-विरार महानगरपालिकाही आली. रस्ते रुंद होतील, इमारती चढतील, जमिनी हात बदलतील. ज्या शेतकऱ्याने आपल्या वाडीत खुरूस उभारू दिला, त्याचा नातू ती वाडी विकील, आणि खरेदीखतात खुरसाचा उल्लेखही नसेल. त्या दिवशी पालिका दोषी नसेल, न्यायालय दोषी नसेल. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्या धर्मगुरूंनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईसाठी जो लढा उभारला, तो झाडांसाठी आणि पाण्यासाठी होता, म्हणजे सर्वांसाठी होता; म्हणून त्याला सर्वांची साथ मिळाली. खुरसांचे रक्षणही त्याच मनाने झाले पाहिजे.

करायचे काय, हे साधे आहे, आणि त्याला देणगीची पावतीपुस्तके छापावी लागत नाहीत. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या हद्दीतील प्रत्येक क्रूसाची, ग्रोटोची, रस्त्याकडेच्या मूर्तीची नोंदवही करावी. चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. उंची, रुंदी, रस्त्याच्या कडेपासूनचे अंतर मोजून लिहावे. कोरलेली अक्षरे, मग ती पोर्तुगीज असोत, इंग्रजी असोत वा मराठी, जशीच्या तशी उतरवून घ्यावीत. जागेचा सातबारा, शहरात मिळकत पत्रिका, गावात ग्रामपंचायतीचा उतारा काढून त्यात जोडावा. ऐंशी ओलांडलेल्या आजीआजोबांकडे युवकांनी जावे आणि त्यांची आठवण त्यांच्या सहीनिशी, तारखेनिशी लिहून घ्यावी. शासनाच्या २०११ च्या निर्णयात १ मे १९६० पूर्वीच्या स्थळांचा वेगळा विचार आहे. पण ते स्थळ त्याआधीचे आहे हे सांगणार कोण आणि कशाच्या आधारे? बाप्तिस्म्याची नोंद आपण शंभर शंभर वर्षे जपतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या अनोळखी माणसाचा स्नानसंस्कार कोणत्या दिवशी झाला हे आपली नोंदवही सांगते. मग ज्या क्रूसापुढे त्या माणसाने आयुष्यभर गुडघे टेकले, त्याची एक ओळही आपल्या कपाटात का असू नये?

आणि नोंदवहीहून मोठा कागद एकच आहे: जाणाऱ्यायेणाऱ्यांनी पाहिलेली प्रार्थना. ज्या क्रूसापुढे दर आठवड्याला पाचच घरे जमून जपमाळ म्हणतात, तो क्रूस बेवारस आहे असे कोणी म्हणू शकत नाही.

शेवटी पुन्हा मोहाडीकडे येतो. आमचे गाव चौंडेश्वरी मातेचे. आमच्या भागात गावाच्या शिवेवर माता मायचे ठाणे असते. शेंदूर लावलेले चार दगड, वर कडुलिंबाची सावली. २००९ चा तो आदेश जसा क्रूसासाठी आहे तसाच या ठाण्यांसाठीही आहे, दर्ग्यांसाठीही आहे, विहारांसाठीही आहे. उद्या रस्ता रुंद होताना माता मायच्या दगडांवर पाळी आली, तर त्या ठाण्याचे वय किती, तिथे कोण नवस फेडते, हे लिहून ठेवायला गावातल्या दोन ख्रिस्ती घरांनी शेजाऱ्यांना हात द्यावा, असे आम्हांला वाटते. आपला क्रूस वाचवण्याची भाषा ज्याला दुसऱ्याच्या दगडासाठी वापरता येत नाही, त्याला ती भाषा मुळात समजलेलीच नाही.

वांद्र्याच्या त्या जागी दगडावर दगड चढवून क्रूस उभारणे हे गवंड्याचे एका आठवड्याचे काम आहे. मुलाच्या मनात तो उभारणे हे बापाचे आयुष्यभराचे काम आहे. पहिले दुसऱ्यावाचून झाले, तर आपण पुढच्या हातोड्यासाठी एक नवा बेवारस क्रूस तयार केला, एवढेच होईल. म्हणून येत्या रविवारी मिस्सेहून परतताना वाटेतल्या जुन्या क्रूसापुढे थांबा. मुलाचे बोट धरून त्यावरची अक्षरे वाचा. वाचता येत नसतील तर रंग हलक्या हाताने खरवडा. आणि त्याने विचारले की हा इथे कोणी आणि का उभारला, तर ‘ठाऊक नाही’ एवढे प्रामाणिक उत्तर देऊन त्याच संध्याकाळी शोधाला लागा. वारसा हक्काने मिळतो हे कायद्यापुरते खरे आहे. क्रूसाचा वारसा, जो तो उचलतो, त्यालाच मिळतो.